पांढरी जुडी

पत्रू कशाकशाला भीत होता हे सांगत बसलो तर दिवस मावळेल. बैलाच्या शिंगाला भ्यायचा, पाटलाच्या खाकरण्याला भ्यायचा, वैनगंगेच्या गुडघाभर पाण्यालाही भ्यायचा. भुताला तर भ्यायचाच, पण भूत नसतं असं ठासून सांगणाऱ्या मास्तरालाही भ्यायचा. तबकड्या वाजवायच्या एका फोनोच्या चावीला हात लावताना तेवढा तो माणसात असे.

ब्रह्मपुरीच्या अलीकडं एका धानाच्या गावात त्याचं घर. तरुणपणी त्याला गावच्या दंडारीच्या नाटकात एकदा उभं केलं होतं. राजाचा शिपाई व्हायचं, भाला घेऊन यायचं आणि एकच वाक्य बोलायचं. पत्रू आला, समोरची माणसं पाहिली, भाला तिथंच टाकला आणि जो पळाला तो थेट खळ्यावरच्या तणशीच्या ढिगात जाऊन शिरला. त्यानंतर चार माणसांपुढं त्याच्या तोंडून कधी धड शब्द निघाला नाही. गाण्याची हौस मात्र हाडात. म्हणून मग चांद्याच्या एका सिनेमावाल्याकडून त्यानं जुना फोनो घेतला, झाडावर बांधायचा भोंगा घेतला, आवाज मोठा करायची मशीन घेतली, बॅटरी घेतली. सिनेमावाला म्हणाला, "हा माईकपण घेऊन जा, त्याच्यात बोललं की अख्ख्या गावाला ऐकू जाते." पत्रूनं हात मागं घेतले. "ते नको, भाऊ. मले कोनाले काईच सांगाचं नाई."

हे त्याचं बोलणं ध्यानात ठेवा, पुढं ते त्याच्याच छातीवर बसणार आहे.

धानाच्या रोवणीला पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या बांधतात तशा पत्रूनं तबकड्यांच्या जुड्या बांधल्या होत्या. हळदीची जुडी पिवळ्या फडक्यात, लग्नाची लाल, बारशाची छिटाच्या कापडात, मार्कंड्याच्या जत्रेची निळ्या. नुसत्या तबकड्या गोळा केल्या असं नव्हे. कोणती आधी आणि कोणती मागून, यात त्याचा जीव होता. हळदीला पहिल्यांदा नुसती सनई, कारण बाया अजून यायच्या असतात आणि चूल धुमसत असते. पंगत बसली की जलद गाणं लावायचं नाही. माणसं भराभर गिळतात आणि वाढणारे चिडतात. पाठवणीला दोन रडकी गाणी लागोपाठ ठेवायची नाहीत, मध्ये एक साधं भजन घालायचं, नाहीतर नवरीची माय चक्कर येऊन पडते. एकदा पडली होती, तेव्हापासून तो भजन घालायला चुकला नाही. सतत लोकांना भिऊन असल्यामुळं लोकांची तोंडं वाचायची त्याला सवयच लागलेली. कोणाचा पारा चढतोय, कोणाच्या डोळ्यांत पाणी येतंय, हे त्याला आधी कळायचं आणि तो पुढची तबकडी तशी निवडायचा.

आणि एकदा लावलेला क्रम तो मोडत नसे. त्यामुळं आजूबाजूच्या गावांना पत्रूचा भोंगा म्हणजे घड्याळच झालं. बांधावर काम करणारी बाई कान देऊन म्हणायची, "पंगत बसली वं, चला." घरी बसलेला म्हातारा ओळखायचा की आता अक्षता पडल्या.

एक जुडी पांढऱ्या फडक्यात होती. ती मयताची. बायको गेली त्या वर्षी पत्रूनं ती लावली, एकेक तबकडी हुडकून. पहिलीच तबकडी एका जाड्या आवाजाच्या बाईच्या भजनाची, संगतीला नुसती एकतारी. मोठं माणूस गेलं की लोक पत्रूला बोलवायचे, आणि तो आवाज भोंग्यातून निघाला की ज्याला मयताचं ठाऊक नाही तोही चपला काढून उभा राहायचा. ती जुडी पत्रू घरात कधी वाजवत नसे. ट्रंकेच्या तळाशी सुतळीनं बांधून ठेवायचा आणि तिच्यावरून दुसरं काही काढतानाही नजर बाजूला करायचा.

सत्तावन्न साली त्याच्या कमळाचं लग्न ठरलं. वैनगंगेपलीकडं, जंगलाच्या पोटात चिचटोला म्हणून गाव आहे, तिथल्या बापूजी पाटलाचा मुलगा. कमळा सहा वर्षांची असल्यापासून पत्रू तिच्यासाठी एक जुडी जमवत होता. हिरव्या फडक्यात. ती त्यानं कोणाच्या लग्नात वाजवली नव्हती, कोणी मागितली तरी दिली नव्हती. कमळा विचारायची, "काय हाय त्याच्यात, बाबा?" तर म्हणायचा, "तुह्या लग्नात आयकशीन."

यांच्यात नवरीला नवऱ्याच्या गावी नेऊन लग्न लावायची रीत. वऱ्हाड पुढं जानोशावर, म्हणजे गावातल्या उतरायच्या जागी, जातं, पण नवरीची गाडी शिवेवर थांबते. दिवस कलला की नवऱ्याकडचे लोक ढोल घेऊन येतात आणि तिला मानानं गावात नेतात. त्याआधी नवरीच्या गाडीतल्या कोणी गावात पाय टाकला, तर पोरगी बापाला जड झाली असं होतं. पत्रूनं बापूजीला आधीच निरोप धाडला होता, शिवेवर भोंगा वाजत राहील, हळदीची जुडी चालू आहे तोवर आमचं निवांत आहे असं समजा.

गाडी डोमाची. डोमा जंगलातल्या गावचा, पत्रूचा जुना सोबती. पत्रूला एकट्यानं रस्त्यानं जायची भीती वाटायची म्हणून प्रत्येक लग्नाला डोमाचीच गाडी ठरलेली. गाडीत कमळा, पत्रूची थोरली बहीण रंभाबाई आणि ट्रंक. नदी उतरताना ट्रंकेत पाणी शिरलं का ते पाहायला रंभाबाईनं ती उघडली आणि तिला तळाशी पांढरं फडकं दिसलं.

"मयताची गानी लग्नात घेऊन आला का रे? डोस्कं फिरलं का तुह्यं?"

"घरी कोनी नाई, बाई," पत्रू पुटपुटला. "रिकाम्या घरात ते एकटी ठेवाले मले भेव वाटते."

रंभाबाईनं कपाळावर हात मारला. डोमा मात्र पोट धरून हसला. म्हणाला, "भाऊ भुताले बी सोबत देते."

चैताचं ऊन. शिवेवर मोहाची झाडं होती, खाली फुलांचा सडा, वास असा की डोकं जड व्हावं. डोमानं बैल सोडून बांधले, भोंगा मोहावर चढवला. पुढं नाला, नाल्यापलीकडं अर्ध्या कोसावर चिचटोला. पत्रूनं पिवळी जुडी काढली आणि सनई लावली. गावाकडून ढोलाचे दोन ठोके आले, म्हणजे ऐकलं. सगळं कसं नीट चाललं होतं, आणि नीट चाललेलं असलं की पत्रू जास्तच भ्यायचा.

दुपार टळायच्या सुमाराला घागर रिकामी झाली. डोमा म्हणाला, "बस तू. मी नाल्यातल्या झिऱ्यावरून पानी आनतो." खांद्यावर घागर टाकून तो नाल्यात उतरला.

आधी बैल उठले. दोघांनी एकदम नाल्याकडं माना केल्या, फुसफुसले, आणि दोर तोडून आल्या वाटेनं उधळले. मग आवाज आला. माणसाचा की जनावराचा ते पत्रूला कळलं नाही. दोन्ही एकात मिसळले होते.

डोमा आपल्या पायांनी वर आला. दोन्ही हातांनी तोंड धरून आला होता आणि बोटांमधून रक्त वाहत होतं. गाडीच्या चाकापाशी येऊन बसला. "अस्वल," म्हणाला. "पिल्लंवाली. झोपली होती, मी पाहलीच नाई." हात खाली आले तेव्हा रंभाबाईनं किंकाळी फोडली. डोक्याची कातडी कपाळावर लोंबत होती, एक डोळा दिसत नव्हता, खांद्याचं मांस उघडं पडलं होतं.

 पत्रू होता तिथं खाली बसला. तबकडी आपली फिरतच होती. वर मोहावरून भोंगा नवरीच्या हातच्या चुड्याचं कौतुक गात होता.

हलली ती कमळा. हळदीच्या अंगानं ती गाडीतून उतरली, ट्रंक उघडली आणि हाताला आलं ते फडकं ओढलं. ते हिरवं होतं. तबकड्या तिनं तशाच उघड्या टाकल्या आणि फडकं डोमाच्या डोक्याला गच्च गुंडाळलं. हिरवं फडकं बघता बघता काळं झालं.

"गावात सांगा कोनीतरी," रंभाबाई म्हणाली. "गाडी पाह्यजे, मानसं पाह्यजेत. असाच ठेवला तर जाईन हा."

कोणीतरी म्हणजे पत्रूच. म्हाताऱ्या बाईला नाला चढवत नव्हता, आणि नवरी तर एकटी गावात जाऊच शकत नव्हती. पत्रूनं डोमाची कुऱ्हाड उचलली. देवाचं नाव घेत वाटेनं निघाला. नाल्याच्या वळणावर पोचला आणि समोर वाटेतच ती उभी. मागच्या दोन पायांवर, छातीवर पांढरा पट्टा, नाक वर करून वास घेत. पिल्लं तिच्या मागं. पत्रूला वाटलं आपण ओरडतो आहोत, पण तोंडातून नुसता वारा निघत होता. कुऱ्हाड हातातून कधी पडली कळलं नाही. तो मागं मागं आला, मग वळला आणि पळत सुटला. तणशीत शिरला होता तसा गाडीखाली शिरला.

"मले नाई जमत," तो रडत म्हणाला. "बाई, मले नाई जमत वं. वाटेतच हाय ते."

त्यांनी ओरडून पाहिलं. तिघांनी मिळून हाका मारल्या. अर्धा कोस जंगल पार करून जाईल अशी हाक कोणाच्या छातीत नव्हती. माईक असता तर पत्रूला चार शब्द बोलावे लागले असते, फक्त चार शब्द, आणि माणसं धावत आली असती. तो माईक चांद्याला सिनेमावाल्याच्या फळीवर पडून होता.

मग त्याला सुचलं. त्यानं हळदीची तबकडी मध्येच काढली आणि लाल जुडीतली स्वागताची लावली. क्रम मोडला. आयुष्यात पहिल्यांदा मोडला. गावाकडून ढोलाचे दोन ठोके आले आणि पुन्हा शांत. नंतर कळलं की तिकडं हशा पिकला होता. दिवस अजून वर होता, नवरीला मानानं न्यायला निघायची वेळ झाली नव्हती, आणि बापूजी म्हणाले होते, "पत्रूभाऊले जंगलात भेव वाटून राह्यलं. बसू द्या थोडे." पत्रूनं जत्रेची तबकडी लावली, बारशाची लावली, उलटसुलट काहीही लावलं. दर वेळी तेच दोन ठोके. तो जितका घाबरा होऊन तबकड्या बदलत होता, तितकी तिकडं जास्त गंमत चालली होती. जन्मभर भित्रा म्हणून नाव कमावलं होतं, ते असं उलटलं.

डोमाचं डोकं रंभाबाईच्या मांडीवर होतं. तो पाणी मागत होता आणि घागर नाल्यात फुटली होती.

पत्रूची नजर ट्रंकेकडं गेली. तळाशी पांढरं फडकं दिसत होतं. त्यानं नजर बाजूला केली. पुन्हा गेली.

कमळानं ते पाहिलं. "लावा, बाबा."

"नाई."

"ते आयकलं तर पळत येतीन."

"नाई म्हनलं न! तुह्या आंगाले हळद हाय, कमळे. तुह्या डोक्यावर मयताचं गानं वाजवू? लग्न मोडन. आनि मोडलं नाई तरी..."  बायको गेली त्या वर्षी ऐकलेला तो जाडा आवाज पत्रूच्या कानात आत्ताच वाजायला लागला होता. या पोरीला काही झालं तर? जावयाला काही झालं तर? आपण आपल्या हातानं तिच्या कपाळी लिहून दिल्यासारखं होईल.

"हळद पुन्यांदा लावता येते," कमळा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते; तीही भ्यालीच होती, बापाचीच लेक. "डोमाकाका पुन्यांदा येनार नाई."

पत्रूनं सुतळी सोडली. गाठ सुटेना, दातांनी तोडली. चावी देताना तो हुंदके देत होता, नाकातून पाणी गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. सुई ठेवताना हात असा हलला की ती तबकडीवरून घसरली आणि भोंग्यातून खर्रकन ओरखडा निघाला. त्यानं पुन्हा ठेवली. एकतारी वाजली. मग त्या बाईचा जाडा आवाज मोहाच्या झाडावरून जंगलभर पसरला.

गावाकडं कोणीतरी चाळा म्हणून ढोल बडवत होतं, तो थांबला.

काही वेळ काहीच नाही. मग लांबून, वाऱ्यावर, बायकांचा आकांत ऐकू आला. एकीचा, मग दहाजणींचा, मग सगळ्या गावाचा. नवरीच गेली असं धरून चिचटोला कमळासाठी रडत होता. आणि कमळा पत्रूच्या हाताशी उभी होती.  तो पुन्हा पुन्हा तिच्याकडं बघत होता. तिची छाती वरखाली होते ना, डोळे मिटतात आणि उघडतात ना, हे तपासत होता. मध्येच त्यानं तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. एवढी भीती त्याला अस्वलाचीही वाटली नव्हती.

माणसं धावत आली. ओरडत, काठ्या आपटत, नाला तुडवत. त्या गलक्यानं अस्वल पिल्लं घेऊन कुठल्या कुठं गेलं. पुढं नवरदेव, कपाळाला बाशिंग, पायात काही नाही. मागं चारपाच जणांच्या खांद्यावर हिरवे बांबू. मयत म्हटल्यावर तिरडी लागणार, आणि दुसरे बांबू तोडायला वेळ कुठं, म्हणून त्यांनी लग्नाच्या मांडवाचेच उपसून आणले होते.

कमळाला उभी पाहून सगळे जागच्या जागी थबकले. नवरदेव मटकन खाली बसला. बापूजी पुढं झाले, रागानं थरथरत. "पोरगी जित्ती हाय! मग हे काय लावलं, पत्रूभाऊ?"

 पत्रूनं नुसतं चाकाकडं बोट केलं.

"मी बी जित्ताच हाओ, पाटील," खालून डोमा पुटपुटला. "बांबू आनले ते बरं केलं."

त्याच बांबूंवर त्याला बांधून उचलला. गावातली सर्वांत चांगली बैलजोडी जुंपून गडचिरोलीच्या दवाखान्याकडं गाडी पळवली. तो गेला तसं सगळ्यांना लग्नाचं आठवलं.

"मांडव उपसला," बापूजी म्हणाले. आवाजात आता राग नव्हता, धास्ती होती. "मयताचं गानं झालं. आज लग्न कसं लावू? पुढं कसं करू?"

पत्रूनं हात जोडले. याच क्षणाची त्याला भीती होती आणि तो समोर उभा होता.

तेवढ्यात बापूजींची आई शकुबाई काठी टेकत पोचली. रडून केस सुटलेले, डोळे सुजलेले. तिनं कमळाची हनुवटी धरून तोंड वर केलं, नीट पाहिलं आणि मग लेकाला म्हणाली, "कावळा डोक्याले शिवला तर आपन काय करतो रे?"

म्हातारीनं काठी जमिनीवर आपटली.

"मेला म्हनून खोटी खबर धाडतो. सोयरे रडले की त्याचं मरन टळते. हिच्यासाठी तं सारं गाव रडलं. मी अशी रडले की तुह्या बापासाठी नोती रडले. आता हे पोरगी तुमाले साऱ्याईले पोचवूनच जाईन. मांडव पुन्यांदा गाडा."

मांडव पुन्हा गाडला आणि त्याच संध्याकाळी अक्षता पडल्या. म्हातारीनं एकच अट घातली, आज फोनो वाजणार नाही. नुसत्या ढोलावर लग्न लागलं. हिरवी जुडी फडक्याशिवाय तशीच ट्रंकेत पडून राहिली, आणि पत्रू एका कोपऱ्यात बसून पोरीचा श्वास मोजत होता.

पोळ्याच्या सुमाराला कमळा माहेरी आली होती. ठणठणीत, अंगानं भरलेली. एके दुपारी दारात डोमा उभा राहिला. एक डोळा गेलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. पत्रू आधी भ्यालाच, मग ओळख पटली. डोमानं कमरेतून एक घडी काढून पुढं केली. हिरवं फडकं. पुष्कळदा धुतलं होतं, तरी मधोमध डाग राहिलाच होता.

रंभाबाईनं त्याला पाटावर बसवलं. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "पत्रूभाऊ, एक गोष्ट मले समजत नाई. कमळीसाठी गाव रडलं, म्हनून तिचं आयुष्य वाढलं. माह्यासाठी तं कोनी रडलं नाई. मी कसा वाचलो?"

"हा रडत होता न," रंभाबाई म्हणाली. "चावी देता देता. पोरासारखा."

पत्रूनं मान खाली घातली. खोटं बोलायचीही त्याला भीतीच वाटायची. "तुह्यासाठी नाई रडलो, डोमा," तो म्हणाला. "मी भ्यालो होतो. पोरीसाठी भ्यालो, माह्यासाठी भ्यालो. तुह्यं काई माह्या मनात बी नोतं तवा."

डोमानं एका डोळ्यानं त्याच्याकडं पाहिलं. वाकड्या तोंडानं हसला की काय ते कळेना.

"मले तं वाटलं माह्यासाठीच रडून राह्यला," तो म्हणाला. "गाडीत तेच धरून होतो. दवाखान्यात बी तेच धरून होतो."

 कमळानं उठून ट्रंक ओढली आणि हिरव्या जुडीतली पहिली तबकडी काढून बापाच्या हातात दिली. पत्रूनं चावी दिली. सुई ठेवताना त्याचा हात त्या दिवशीसारखा हलायला लागला, तेव्हा डोमानं आपला हात खालून लावून तो धरला.